त्याच स्लॉटला माफी माग

पोरा,

परवा सकाळचा तुझा रेडिओवरचा शो मी रिक्षात ऐकला, अशोक चौकातनं निघालो होतो. आधी तू गुरख्याचा आवाज काढलास, "शाबजी शाबजी", मग सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाचं मराठी. रिक्षावाला पहिल्याला हसला, दुसरं चालू झालं तसा त्यानं आवाज बारीक केला. काही बोलला नाही, उतरताना सुट्टे देताना तेवढं म्हणला, "साहेब, माझ्या वडलांनी ४० वर्षं टॉवेल विणले इथं."

तुला वाईट वाटावं म्हणून नाही लिहित. मी पण माईकवर असताना असलंच एक पात्र केलंय, दोन महिने चाललं, "लय भारी" म्हणून फोन यायचे आणि मला वाटायचं सगळ्या सोलापूरला आवडतंय. ज्यांना लागतं ते फोन करत नाहीत रे, ते रेडिओ बंद करतात. हे कळायला मला फार उशीर झाला, त्याचं अजून वाईट वाटतं.

२००७ चं बघ. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, नेपाळी बोलणारा गोरखा, कोलकाता पोलिसातला कॉन्स्टेबल, इंडियन आयडॉल जिंकला आणि दिल्लीतल्या एका एफएमवर आरजेनं जोक केला, की आता हे गायला लागल्यावर रखवाली कोण करणार. सिलिगुडीत दंगल होऊन कर्फ्यू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत डॉन आयमस नावाच्या मोठ्या रेडिओवाल्यानं रटगर्स युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमला, त्यात बहुतेक काळ्या मुली, त्यांच्या केसांवरनं आणि चारित्र्यावरनं घाण बोललं, आदल्याच दिवशी फायनल हरलेल्या पोरी त्या. आधी नुसतं दोन आठवडे सस्पेंड, मग जाहिरातदार निघून जायला लागले तेव्हा कुठं १२ एप्रिलला त्याच्या कंपनीनं, सीबीएसनं, काढलं. म्हणजे पैसा हलला तेव्हा चॅनल हललं, हे मला अजिबात पटत नाही. पण त्याच संध्याकाळी तो त्या मुलींसमोर जाऊन बसला आणि नंतर टीमनं त्याची माफी स्वीकारली.

तुला पुण्यात आपल्या सोलापुरी "लका" वरनं चिडवायचे तेव्हा तू रात्री मला फोन केलावतास, आठवतंय ना?

सोमवारी आठच्या लिंकला, म्हणजे गाण्यांच्या मधल्या बोलण्यात, बोल, जिथं जोक केलास तिथंच, इन्स्टाच्या स्टोरीवर नको, ती चोवीस तासात जाते. "भावना दुखावल्या असतील तर" लिहू नको, ते "असतील तर" काढून टाक. काय बोललास ते स्वतःच्या तोंडानं सांग, कुणाबद्दल ते सांग, आणि चुकलो म्हण. स्क्रिप्ट प्रोड्यूसरनं पास केलं होतं हे माईकवर नको, ते मीटिंगमध्ये मांड, तिथं मात्र नक्की मांड, कारण एकट्या आरजेला पुढं करून बाकीचे सुटतात हे पण बरोबर नाही. आणि लगेच गाणं लावू नको, दोन सेकंद शांत रहा.

त्या रिक्षावाल्याचा नंबर मी घेतलाय. पावणेआठला फोन करून त्याला रेडिओ लावायला सांगतो.

तुझा,
सर