वाचक विचारतात: चोविसाव्या वर्षी निवृत्ती?

प्रश्न: ख्रिस बोरलँड या अमेरिकन फुटबॉलपटूने एकाच हंगामानंतर खेळ सोडला, असं वाचलं. दुखापत झाली होती का?

उत्तर: मोठी अशी नाही, म्हणून तर सगळे चक्रावले! एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाने 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीत त्याला घेतलं. लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) म्हणून पहिल्याच हंगामात शंभराहून अधिक टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडून रोखणं. मार्च 2015 मध्ये मात्र त्याने निवृत्ती जाहीर केली. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचे मेंदूवर पुढे काय परिणाम होतात, हे त्याने वाचलं होतं, जाणकारांशी बोलला होता. करारावर सही करताना मिळालेल्या बोनसचा तीन चतुर्थांश भाग परत करायलाही तो तयार झाला. मला विचाराल तर खरी हिंमत इथे दिसते.

बाकीच्यांना असा निर्णय घ्यायची वेळच येत नाही, क्लबच घेतो. सरावाला नव्वद जण बोलावतात, हंगामाच्या तोंडावर त्रेपन्न उरतात. करारातली बरीचशी रक्कम हमीची नसते. पायाला लचक भरली आणि मागे स्वस्तातला नवखा उभा असला, की नारळ. खेळाडू संघटना सरासरी कारकीर्द साधारण सव्वातीन वर्षांची सांगते. लीगचा हिशेब वेगळा: पहिल्याच वर्षी संघात टिकलेल्यांचेच आकडे धरले की ती सहाच्या आसपास जाते. सोयीचं गणित, दुसरं काय! पेन्शनसाठी मात्र तीन हंगाम पदरी लागतात. बोरलँडच्या खात्यात एकच होता.