‘विली-निली’मधला ‘निली’ म्हणजे आपला ‘बिहा’ का?

एका वाचकाने विचारलं आहे : इंग्रजीत विली-निली, हॉइटी-टॉइटी, हेल्टर-स्केल्टर, होकस-पोकस असे यमक जुळवणारे जोडशब्द सारखे भेटतात. त्यांतला एक शब्द आपल्या ‘चहाबिहा’मधल्या ‘बिहा’सारखा निव्वळ भर घालणारा असतो का? आणि अनुवाद करताना यांचे अर्थ लावायचे कसे?

आधी ‘बिहा’बद्दल, कारण त्याच्यावर इथे थोडा अन्याय झालाय. ‘बिहा’ निरर्थक असेल, पण बिनकामाचा नाही. ‘चहा घेऊन जा’ आणि ‘चहाबिहा घेऊन जा’ या दोन आग्रहांत फरक आहे. दुसऱ्यात बिस्किटं आली, चार गप्पा आल्या, ‘लगेच उठू नका’ हेही आलं. ‘प्रेमबिम काही नाही’ म्हटलं की तोच ‘बि’ हेटाळणी करतो. शिवाय हे यंत्र अजून चालू आहे. काल बाजारात आलेल्या वस्तूलाही ते लागतं : ‘मोबाइलबिबाइल आत ठेव.’ कोणाला शिकवावं लागत नाही.

इंग्रजीत असं सरसकट चालणारं यंत्र जवळपास नाही. एक आहे ते यिडिश बोलणाऱ्या ज्यूंकडून अमेरिकेत आलेलं : ‘फॅन्सी-श्मॅन्सी’. शब्दाचा आरंभ काढून तिथे ‘श्म’ बसवायचा. पण त्यातून ‘वगैरे’ हा अर्थ निघत नाही, फक्त ‘कसलं काय!’ निघतो. म्हणजे आपल्या ‘बि’चं अर्धंच काम. बाकीचे यमकी जोडशब्द घट्ट झालेले आहेत. ‘निली’ सुटा काढून दुसऱ्या शब्दाला जोडता येत नाही. प्रत्येकाची कुळकथा वेगळी, म्हणून अर्थही एकेकाचा वेगळा बघावा लागतो.

विली-निलीचंच घ्या. जुन्या इंग्रजीत ‘विल’ म्हणजे इच्छा असणे आणि त्याचं नकारी रूप ‘निल’, इच्छा नसणे. ‘विल आय, निल आय’, म्हणजे माझ्या मनात असो वा नसो. तेव्हा ‘निली’ हा मुळीच भरीचा शब्द नव्हे, चांगला नकार आहे. ‘निल’ हे क्रियापद पुढे वापरातून गेलं, जोडी तेवढी उरली. मग लोकांना तिच्यातला नकार ऐकू येईना, नुसतं यमक ऐकू येऊ लागलं आणि अर्थ घसरला. आज या शब्दाचे दोन अर्थ चालतात. ‘ही हॅड टू गो विली-निली’ म्हणजे त्याला झक मारत जावं लागलं, आणि ‘फायली विली-निली फेकल्या होत्या’ म्हणजे कशाही, वाट्टेल तशा. अनुवादक इथेच फसतात. सध्याच्या लेखनात बहुतेकदा दुसरा अर्थ असतो. जुन्या कादंबरीत पहिला असण्याची शक्यता मोठी.

‘हॉबनॉब’चं कूळ तेच. मूळ ‘हॅब-नॅब’, असणे-नसणे, मिळो-न मिळो. त्यावरून ‘तू घे, मी घेतो’ असं आळीपाळीने एकमेकांच्या नावाने पिणं, आणि शेवटी बड्या लोकांत ऊठबस करणं. मराठीत ‘ऊठबस’ हाच शब्द त्याला नेमका बसतो.

‘हॉजपॉज’ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती आपल्या कोर्टापर्यंत येते. फ्रेंच ‘ओशपो’, म्हणजे हलवायचं भांडं, सगळं एकत्र घालून शिजवलेलं कालवण. इंग्रजीत ते ‘हॉचपॉट’ झालं. यमक पुरतं जुळेना म्हणून शेवटचा ‘ट’ बदलून ‘हॉचपॉच’ केलं आणि त्याचंच पुढे हॉजपॉज झालं. अर्थ खिचडी, भेसळ. कायद्याने मात्र ‘हॉचपॉट’ जसाच्या तसा जपला. एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात, एखाद्याने आपली स्वकष्टार्जित मिळकत कुटुंबाच्या मिळकतीत मिसळून टाकली होती असं सांगायचं असेल, तर वकील आजही ‘कॉमन हॉचपॉट’मध्ये टाकली असं म्हणतात. सांगली-साताऱ्याच्या जमिनीच्या भांडणात एक फ्रेंच पातेलं येऊन बसलंय ते असं.

‘नॅम्बी-पॅम्बी’ तर एका माणसाची टिंगल आहे. ॲम्ब्रोज फिलिप्स नावाचा कवी बड्या घरच्या लहान मुलांवर फार गोड गोड कविता करायचा. हेन्री केरीने 1725 च्या सुमारास त्याच्यावर विडंबन लिहिलं. ॲम्ब्रोजचं लाडकं ‘नॅम्बी’, त्याला फिलिप्सच्या इंग्रजी आद्याक्षराचं, P चं, ‘पॅम्बी’. अर्थ गुळमुळीत, मिळमिळीत. ‘हीबी-जीबीज’, म्हणजे उगाच होणारी धाकधूक, हा अलीकडचा. बिली डीबेक या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 1923 मध्ये चित्रमालिकेत आणला. ‘निटी-ग्रिटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा बारीकसारीक तपशील, याच्याबद्दल एक भयंकर गोष्ट फिरते की तो गुलामांच्या जहाजांवरून आला. पण विसाव्या शतकाआधी तो कुठे लिहिलेला सापडत नाही, त्यामुळे ती गोष्ट टिकत नाही.

बाकीच्यांचे अर्थ भराभर सांगतो. हॉइटी-टॉइटी : शिष्ट, नाक वर करून वागणारा (मूळ ‘हॉइट’ म्हणजे धांगडधिंगा करणे, म्हणजे अर्थ पार उलटीकडे गेला). हेल्टर-स्केल्टर : सैरावैरा. हिगल्डी-पिगल्डी : अस्ताव्यस्त. हर्ली-बर्ली : गडबडगोंधळ. हँकी-पँकी : भानगडी, चाळे. होकस-पोकस : हातचलाखी, छूमंतर. आर्जी-बार्जी : हमरीतुमरी.

आता त्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं बघा. हॉइटी, हेल्टर, हिगल्डी, हर्ली, हँकी, होकस, आणि वर हॉब, हॉच, हीबी. इतके ‘ह’ एका रांगेत योगायोगाने येत नाहीत. ‘ह’ म्हणजे जवळजवळ नुसता श्वास, तोंडात कुठेही अडत नाही. त्याच्यानंतर येतात प, ब, ट, न, ज, स्क, म्हणजे अडवणारी, ठोकणारी व्यंजनं. आधी हलकं, मग जड. ज्यांना ‘ह’ मिळाला नाही त्यांतले कित्येक सरळ स्वराने सुरू होतात : आर्जी-बार्जी, ईझी-पीझी, ओकी-डोकी, इट्सी-बिट्सी.

हे वाचून आपले शब्द आठवले नाहीत तर नवल. आजूबाजू, अदलाबदल, अधूनमधून, अवतीभवती, आळीपाळी, अंगतपंगत, अघळपघळ, ओबडधोबड, ऐसपैस, अचकटविचकट, अक्राळविक्राळ. हे सगळे स्वराने सुरू होतात आणि दुसऱ्या भागात ब, म, भ, प, ध, व. वर दिलेली ‘हमरीतुमरी’ तर थेट इंग्रजी थाटाची, ‘ह’ आधी.

यातली खरी गंमत मात्र वेगळीच आहे. शाळेच्या व्याकरणात अंशाभ्यस्त शब्द शिकवताना आपली समजूत अशी होते की खरा शब्द आधी, त्याची सावली मागून : शेजारी-पाजारी. पण बाजू, बदल, मधून, पाळी, पंगत हे खरे शब्द मागे आहेत आणि पोकळ ‘आजू’, ‘अदला’, ‘अधून’, ‘आळी’, ‘अंगत’ पुढे. म्हणजे कोणाला अर्थ आहे याची पर्वाच नाही. हलका उच्चार पुढे जातो आणि ओठ मिटवणारा मागे राहतो. सावलीला ‘प’ किंवा ‘ब’ मिळाला तर ती मागे येते, म्हणून ‘पाजारी’ मागे आणि ‘बिहा’ही मागे. हा नियम पक्का नाही, हे कबूल. ‘बारीकसारीक’ त्याला धाब्यावर बसवतो, इंग्रजीत ‘टीनी-वीनी’ही तसाच. पण कल जबरदस्त आहे.

तो कल परक्या शब्दालाही कसा वाकवतो याचा नमुना हिंदुस्थानातच घडला. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी ऐकला. त्याची ‘हुसीन-गुसीन’, ‘हॉसी-गॉसी’ अशी रूपं होत होत अखेर ‘हॉब्सन-जॉब्सन’ झालं. मूळ दोन्ही नावांत ‘ह’ होता. इंग्रजी जिभेने पहिला ‘ह’ ठेवला आणि दुसऱ्याजागी ‘ज’ ठोकला. शोकाचा उद्गार दोन फुटकळ इंग्रजी आडनावांसारखा ऐकू येऊ लागला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचं नावच ते झालं, आणि परका शब्द आपल्या भाषेच्या साच्यात असा मोडून घेण्याला भाषातज्ज्ञ अजून त्याच नावाने ओळखतात.

अनुवादाबद्दल एकच सांगेन. इंग्रजीत या जोड्यांचा सूर बहुतेक टवाळीचा किंवा लाडिक असतो, त्यामुळे गंभीर मजकुरात त्या सहसा येत नाहीत. मराठीत तसं नाही. ‘आजूबाजूची गावे’ किंवा ‘अदलाबदल’ सरकारी पत्रातही खपतं. तेव्हा इंग्रजीत यमक आहे म्हणून मराठीत यमक शोधत बसू नका, आधी सूर पकडा. ‘सैरावैरा’सारखा आयता मिळाला तर घ्या, नाहीतर हॉइटी-टॉइटीला ‘शिष्ट’ पुरतो. आणि ‘हायफाय’ दिसला तर जरा थांबा. इंग्रजीत तो ध्वनी हुबेहूब उमटवणाऱ्या यंत्रांबद्दलचा शब्द. आपल्याकडे मात्र हॉटेल हायफाय असतं, शाळा हायफाय असते, कधी सूनही. मूळ मजकुरात ‘हायफाय सिस्टिम’ असेल तर तिथे महागड्या थाटाचा काही संबंध नाही, ती फक्त गाणी ऐकायची आहे.