न्यू कैरोतली शिक्षकाची नोकरी: सही करण्याआधी आणि विमानातून उतरल्यावर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या गणिताच्या शिक्षिका, बी.एड., सात वर्षांचा अनुभव. कैरोच्या पूर्वेकडचं उपनगर न्यू कैरो, तिथल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेचं दोन वर्षांच्या कराराचं पत्र आलंय. सोबत नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा, घर शाकाहारी. पगार पुरेल का, कागद कोणते, राहायचं कुठे, खायचं काय, सुट्टीत फिरता येतं का?

ताई, पगाराचा आकडा नंतर बघा, आधी चलन बघा. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने पाउंडाचा दर बाजारावर सोडला आणि डॉलर सुमारे ३१ पाउंडांवरून ५० च्या घरात गेला. आदल्या दिवशी ज्याचा पगार ३१,००० पाउंड म्हणजे हजार डॉलर होता, त्याच्या हातात तेच पाउंड राहिले, पण किंमत उरली जेमतेम सव्वासहाशे डॉलरची. नोव्हेंबर २०१६ मध्येही असंच झालं होतं. म्हणून पगार पूर्ण पाउंडात असेल तर तिथलं घर चालेल, पण नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता त्यातून भरायचं मनात धरू नका. निम्मा डॉलर, निम्मा पाउंड ही विभागणी बऱ्याच शाळा देतात, तेवढी तरी मागाच. आणखी एक मेख असते: ‘डॉलरच्या हिशोबाने, पण पाउंडात अदा’. असं लिहिलं असेल तर कुठल्या दिवशीचा आणि कुणाचा दर, हे करारात घालून घ्या. आकडा कर कापून आहे की कापण्याआधीचा, हेही विचारा, कारण तिथला आयकर वरच्या टप्प्यात २७.५ टक्क्यांपर्यंत जातो. पगार दहा महिन्यांचा की बारा, मुलाच्या फीत किती सूट, विमानाचं तिकीट तिघांचं की एकटीचं, ही उत्तरंही ईमेलवर घ्या. फोनवर मिळालेला होकार पुढे कुणाला आठवत नाही.

कागदांचं काम आजच सुरू करा. अपोस्टिल करार, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मानून घेण्याचा देशांमधला करार, त्यात इजिप्त नाही, त्यामुळे युरोपला जाणाऱ्या मैत्रिणीचा एका शिक्क्याचा मार्ग तुम्हाला चालणार नाही. तुमची साखळी अशी: विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग इजिप्तचा मुंबईतला वाणिज्य दूतावास किंवा दिल्लीतला दूतावास. कैरोत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अधिकृत अरबी भाषांतर. पदवी, बी.एड., लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, सगळ्यांना हीच वाट. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं असेल तर तिथेच गाडी अडते, कारण शिक्के मागच्या कोऱ्या बाजूवर मारतात. लॅमिनेशन घरी इस्त्री फिरवून काढायला जाऊ नका, शाई सुटते. विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढणं बरं.

खरा घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. इजिप्तमधला कारकून ही दोन वेगळी माणसं समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र इथूनच करून, त्याच साखळीतून शिक्के मारून न्या. पुढचा घोळ अरबीत. अरबी लिपीत प नाही, ट नाही, च नाही. पाटील तिथे ‘बातील’ होतात, चव्हाणांचं काय होईल ते भाषांतर करणाऱ्याच्या मर्जीवर. पदवीवर एक रूप, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं आणि व्हिसावर तिसरं पडलं की नवऱ्याचं राहण्याचं परमिट अडकतं. उपाय सोपा आहे: पहिल्या भाषांतरात नाव जसं उतरेल त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक कागदाच्या वेळी तो समोर धरा.

बहुतेक शाळा पर्यटक व्हिसावर बोलावतात आणि वर्क परमिट तिथे पोचल्यावर काढतात. त्यासाठी रक्ताची एचआयव्ही तपासणी लागते. शाळेचा ‘मंदूब’, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस, हे काम करतो. पासपोर्ट त्याच्या हाती देताना लेखी पोच घ्या आणि परत कधी मिळणार ते विचारा. पासपोर्ट त्याच्याकडे असताना लक्सरचं तिकीट काढाल तर वाटेत तपासणी नाक्यावर अडचण येईल. नवऱ्याला तुमच्यामुळे राहण्याची परवानगी मिळते, नोकरीची नाही. नोकरीला वेगळं परमिट लागतं.

नवा फोन घेऊन जायचा विचार असेल तर थांबा. २०२५ पासून बाहेरून आणलेल्या फोनवर इजिप्तमध्ये शुल्क लागतं, सुमारे ३८.५ टक्के, आणि ते न भरल्यास पाहुण्याला मिळणारे ९० दिवस संपले की तिथल्या सिमवर तो फोन चालत नाही. हे नियम बदलत राहतात, निघायच्या महिन्यात शाळेला पुन्हा विचारा. औषधांत ट्रामाडॉल किंवा कोडीन (दोन्ही दुखणं थांबवणारी) असलेलं काहीही नको, पाठदुखीसाठी घरात सहज पडलेली गोळ्यांची पट्टीसुद्धा नको. ट्रामाडॉलवरून पर्यटक तुरुंगात गेले आहेत. ड्रोनही नको.

घर शाळेजवळच घ्या. भारतीय दूतावास कैरोच्या झमालेक भागात, जुन्या परदेशी लोकांची वस्ती मादी भागात, म्हणून तिकडे ओढा असतो. पण न्यू कैरोला कैरोची मेट्रो जात नाही आणि शाळा सकाळी साडेसात-आठला भरते. मादीत राहून रोज रिंग रोडने जायचं म्हणजे पहाटे उठून संध्याकाळपर्यंत गाडीत बसायचं. शाळेची बस घराच्या दारात येते की कोपऱ्यावर, हेही विचारून ठेवा. न्यू कैरोत कोपरासुद्धा अर्धा किलोमीटर लांब असू शकतो आणि फुटपाथ मध्येच संपतो.

फ्लॅट बघताना तीन गोष्टी तपासा. विजेचा मीटर कार्डाचा असेल तर आधीची थकबाकी त्या कार्डावर चढलेली असते. तुम्ही पैसे भरता आणि निम्मे जुन्या भाडेकरूच्या नावे जातात. घरमालकाला समोर उभं करून एकदा रिचार्ज करून बघा. दुसरं, पाणी तापवायचा गॅसचा गीझर न्हाणीघरात असेल तर धूर बाहेर जाणारी नळी भिंतीबाहेर निघालेली हवी. कैरोत थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, घरात हीटर नसतो, खिडक्या बंद होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच घात करतो. तिसरं इंटरनेट. घरच्या जोडणीला महिन्याची मर्यादा असते, ठरावीक जीबी. मुलाची कार्टून आणि तुमचे ऑनलाइन तास मिळून ती वीस तारखेलाच संपते. इमारतीचा ‘बव्वाब’, राखणदार म्हणा, त्याला दरमहा काही द्यायचा रिवाज आहे. किती, ते शेजाऱ्यांना विचारा. नळदुरुस्तीपासून टॅक्सीपर्यंत सगळं त्याच्यामार्फत होतं. प्लग दोन गोल पिनांचे, वीज २२० व्होल्ट. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, मिक्सरसाठी अडॅप्टर न्या.

आठवडा रविवार ते गुरुवार. पहिले दोन महिने ‘आज मंडे आहे की ट्यूसडे’ हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. मुलं तुम्हाला ‘मिस’ आणि पुढे पहिलं नाव अशीच हाक मारतील. तो तिथला आदर आहे, आगाऊपणा समजू नका. पालकांचे व्हॉट्सअॅप गट रात्री अकरालाही जागे असतात. आपला नंबर त्यांना देऊ नका, शाळेच्या ॲपवर बोला. खासगी शिकवणी तिथे फार बोकाळलेली आहे आणि गणिताच्या परदेशी शिक्षकाला विचारणा होतेच. करारात मनाई असते, आणि आपल्याच वर्गातल्या मुलाची शिकवणी घेतली तर नोकरी जाते. रमजानमध्ये तास आखूड होतात, वर्गातली निम्मी मुलं अर्धवट झोपेत असतात. नवा, अवघड धडा तेव्हा काढू नका. संध्याकाळी उपास सुटायच्या आधीचा तास रस्त्यावर टाळा, सगळं शहर घराकडे धावत असतं.

अरबी शिकायला वेळ नसेल तर निदान आकडे शिका. गाड्यांच्या पाट्या, भाजीचे भाव, सगळं त्यांच्या अंकांत. मराठी डोळ्याला एक हमखास चकवा बसतो: त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्याला जे शून्य दिसतं तो त्यांचा पाच. एक उभी रेघ आणि पुढे गोल, म्हणजे दहा नव्हे, पंधरा. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे उलटा व्ही. दोन आणि तीन यांत एका दाताचा फरक. हा तक्ता फ्रिजवर चिकटवा, मुलगा तुमच्याआधी शिकेल.

खाण्याची काळजी सोडा. इजिप्शियन माणसाला ‘शाकाहारी’ सांगितलं तर तो मान डोलावतो आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली मुलूखिया (एक पातळ पालेभाजी) वाढतो, कारण त्याच्या लेखी त्यात ‘मांस’ नसतं. तिथे चालणारा शब्द आहे ‘सियामी’. कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास धरतात, आणि त्या दिवसांचं अन्न म्हणजे सियामी: मांस नाही, अंडं नाही, दूध-तूपही नाही. हॉटेलवाल्याला तो शब्द तत्काळ कळतो. एवढंच की काही उपासांना मासा चालतो, म्हणून ‘बिदून समक’, म्हणजे मासा नको, हेही जोडा. फूल (शिजवलेला बाकला), तामिया (बाकल्याचे तळलेले वडे), कोशरी हे मूळचंच आपल्या पंगतीत बसणारं. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे आणि वर कुरकुरीत कांदा. सोबत लसूण-व्हिनेगरची दक्का आणि तिखट शत्ता वेगळे देतात, शत्ता थेंबाथेंबाने घाला.

किराण्यात ‘अद्स अस्फर’ म्हणजे पिवळी डाळ असं शब्दशः असलं तरी हातात येते मसूर डाळ. तुरीची डाळ नेहमीच्या दुकानात मिळत नाही, आठ-दहा किलो सामानातून न्या. तांदूळ ‘रुझ मस्री’ आखूड आणि चिकट. बासमतीच्या सवयीला तो गिचका वाटतो, इंद्रायणी खाणाऱ्याला आपलासा. त्याला पाणी सव्वापट पुरतं, दुप्पट घातलं तर पेज होते. पोळीसाठी साधं ‘दकीक’ घेतलं तर तो जवळपास मैदा असतो, पोळी रबरासारखी ताणते. ‘दकीक कम्ह कामिल’ मागा, म्हणजे अख्ख्या गव्हाचं. मोहरी, हळद, मेथी, जिरं ‘अत्तार’कडे, म्हणजे मसालेवाल्याकडे सुटं मिळतं. हिंगसुद्धा, ‘हिल्तीत’ या नावाने. कढीपत्ता वाळवून न्या. गूळ सहज मिळणार नाही, पण ‘असल इस्वद’ मिळतो, शब्दशः काळा मध. तो उसाचा पाक आहे, म्हणजे आपली काकवीच. तिथे तो ताहिनीत कालवून भाकरीशी खातात. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा न्या, नेमक्या मापाची रिंग शोधत फिरायला लावते.

फिरणं. शुक्रवारी सकाळी, दुपारच्या नमाजाआधी, कैरो रिकामं असतं. गिझा, सक्कारा, दहशूर ही पिरॅमिडांची ठिकाणं, यांतलं एकेक त्या चार तासांत करा. बऱ्याच स्थळांवर आता तिकीट फक्त कार्डाने निघतं, रोख घेत नाहीत, म्हणून परदेशात चालणारं कार्ड जवळ हवं. उंटवाला चढायचा भाव सांगतो, उतरायचा वेगळा मागतो. ‘चढून उतरून मिळून किती’ असं विचारा, नाहीतर मधोमध उंचावर बसून घासाघीस करावी लागते.

शहरात मेट्रो उत्तम. १९८७ ची, आफ्रिकेतली पहिली. मधले दोन डबे बायकांचे असतात, गर्दीच्या वेळी थेट तिकडे जा. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा, फाटकावर पुन्हा लागतं. गल्लीबोळांत ‘तुकतुक’ दिसेल. ती बहुतेक बजाजची रिक्षा, आवाजावरूनच ओळखाल. भाडं बसण्याआधी ठरवा आणि सुटे ठेवा. ‘फक्का’, म्हणजे सुटे पैसे, हा कैरोत कायम दुर्मीळ माल.

दक्षिणेकडच्या लक्सर-अस्वानला रात्रीची गाडी किंवा विमान. दोन दिवसांच्या सुट्टीत अस्वान करू नका. ते कैरोपासून पावणेनऊशे किलोमीटर आहे आणि अबू सिंबेलची मंदिरं तिथून पुढे आणखी पावणेतीनशेवर, पहाटे चारला निघावं लागतं. सहामाहीच्या सुट्टीत, जानेवारी-फेब्रुवारीत, हवा छान पण भाव चढे, म्हणून तिकिटं नोव्हेंबरातच काढा. काही गाड्या आता कैरोच्या रामसेस या मुख्य स्थानकाऐवजी गिझातल्या बश्तील स्थानकावरून सुटतात, तिकिटावरचं स्थानकाचं नाव वाचूनच टॅक्सी सांगा. सिनाईत तपासणी नाके बरेच, पासपोर्ट आणि परमिटच्या पाचेक झेरॉक्स हाताशी ठेवा. पोलीस, लष्कर, पूल यांचे फोटो काढू नका, मुलाच्या हातातही फोन देऊ नका. मार्च ते मे ‘खमासीन’ वारा सुटतो, वाळूने आकाश पिवळं होतं. त्या दिवसांत वाळवंटाची सहल ठरवाल तर पैसे परत मिळण्याची अट आधी घाला.

नाशिकला फोन करताना: हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे सरकतात, म्हणून तेव्हा अडीच तास. आजीला झोपायच्या आधी नातू दिसायला हवा असेल तर शाळेतून आल्या आल्या, पाचच्या आत लावा.