थ्रॉटल सेन्सर बदलण्यापूर्वी
कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरात चाललेल्या बोटीचे इंजिन वेग घेताना अडखळू लागले, म्हणून आपण लगेच नवा थ्रॉटल सेन्सर, म्हणजे वेगाचा लिव्हर किती सरकवला हे इंजिनला विजेच्या सिग्नलने कळवणारा भाग, मागवू नये. प्रथम सेन्सरच्या वायरींचा कनेक्टर सोडवून पिनांवर हिरवट गंज किंवा वाळलेला गाळ आहे का, ते पाहावे. मला बहुतेक वेळा दोष तिथेच सापडला आहे. मग इंजिन बंद ठेवून केवळ किल्ली फिरवावी, सेन्सरला साधारण ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो का ते मल्टिमीटरने मोजावे आणि लिव्हर अगदी सावकाश पुढे सरकवत सिग्नलचा व्होल्टेज सलग बदलतो की मध्येच गचकन कोसळतो, याकडे लक्ष द्यावे. दोन सिग्नल असतील, तर दोन्ही तपासावेत. मोजताना वायरीत सुई मात्र टोचू नये. त्याच छिद्रातून पाणी शिरते, हे मी स्वतः भोगले आहे.