भाताच्या खाचरात चित्र उगवायचे असेल तर बाटली दुकानातच राहू द्या

प्रश्न (मावळ, मुळशी व हवेली तालुक्यांतील भात उत्पादकांच्या पत्रांवरून एकत्रित): जपानमध्ये भातशेतीत मोठमोठी रंगीत चित्रे उगवतात आणि ती पाहायला लाखो लोक येतात, असे आम्ही वाचले. सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे परिसरात 2016 साली भाताच्या रोपांतून साकारलेला गणपतीही आमच्यापैकी काहींनी पाहिला आहे. असे चित्र आमच्या खाचरात जमेल का? रंग गडद येण्यासाठी विक्रेत्याने टॉनिकची फवारणी आणि युरियाचा जादा हप्ता सुचवला आहे, तो द्यावा का? यासाठी अनुदान मिळते का?

उत्तर: चित्र जमेल, टॉनिक आणि युरियाचा जादा हप्ता मात्र देऊ नये. रंग बियाण्यातून येतो. तो फवारणीतून, खतातून किंवा कोणत्याही बाटलीतून येत नाही, आणि जो विक्रेता तसे सांगतो त्याला एक तर भात कळत नाही किंवा आपला माल खपवायचा असतो.

जपानच्या उत्तर भागातील आओमोरी प्रांतातल्या इनाकादाते गावाने ही पद्धत 1993 साली सुरू केली. सात-आठ हजार वस्तीच्या या गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या भातखाचरांचे अवशेष उत्खननात सापडले होते, आणि भातशेतीचा हा वारसा लोकांपुढे यावा म्हणून ग्रामकार्यालयाने इवाकी पर्वताचे साधे चित्र लावून सुरुवात केली. तेव्हा रोपे तीनच प्रकारची होती: जांभळ्या पानांची, पिवळ्या पानांची आणि नेहमीच्या हिरव्या पानांची, खाण्याच्या तांदळाची. पुढे पांढऱ्या, तांबड्या व नारिंगी छटांचे शोभेचे वाण उपलब्ध झाले आणि आता तेथे सात रंगांपर्यंतची रोपे वापरतात. कोठेही रंग फवारलेला नसतो. जांभळ्या वाणाच्या पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरपूर असते, तर पिवळ्या व पांढऱ्या वाणांत हरितद्रव्य कमी असते. हे गुण वाणाचे आहेत, ते दुकानात विकत मिळत नाहीत.

आता युरियाविषयी. नत्र वाढवले की पिवळे वाण हिरवटपणाकडे झुकते, जांभळ्याचा जांभळेपणा उतरतो आणि हिरवे अधिक हिरवे होते, म्हणजे ज्या रंगभेदावर संपूर्ण चित्र उभे असते तोच पुसला जातो. त्यापाठोपाठ तपकिरी तुडतुडे, पाने गुंडाळणारी अळी आणि कडा करपा येतात, आणि शेवटी पीक लोळते. लोळलेल्या भातात चित्र राहत नाही आणि उत्पन्नही राहत नाही. पिवळ्या वाणाची रोपे पाहून शेजारी आणि विक्रेते दोघेही नत्राची किंवा लोहाची कमतरता असल्याचे सांगतात, आणि शेतकरी घाबरून युरिया किंवा फेरस सल्फेट टाकतो. अशी धावपळ मी अनेक खाचरांत पाहिली आहे. पिवळे रोप पिवळेच असले पाहिजे. कमतरता ओळखायची असेल तर शेजारचा हिरवा भाग पाहावा: तोही पिवळा पडला असेल तरच खताचा विचार करावा, एरवी हात आवरावा. नत्रासाठी वापरला जाणारा पानांच्या रंगाचा तक्ता जांभळ्या किंवा पिवळ्या वाणाला लावू नये, कारण तो हिरव्या पानांसाठीच तयार केलेला आहे.

तणनाशकाबाबतही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. शिफारशी नेहमीच्या हिरव्या वाणांवरील चाचण्यांवरून ठरलेल्या असतात, तेव्हा रंगीत वाणाच्या पट्ट्यात हाताने बेणणी करणे हेच सुरक्षित आहे. ‘थोडे जास्त घातले तर लवकर काम होते’ हे वाक्य ऐकू आले की दुकानातून बाहेर पडावे.

वेळेची चूक ही दुसरी मोठी चूक आहे. इनाकादातेत मेअखेर ते जूनच्या आरंभी लावणी होते, मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट या काळात चित्र सर्वांत ठसठशीत दिसते, आणि लोंब्या पक्व होऊ लागल्या की रंग बदलू लागतात, त्यानंतर कापणी. आपल्याकडे जूनच्या मध्यावर गादीवाफ्यावर पेरून 21 ते 25 दिवसांची रोपे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावली, तर ऑगस्टच्या मध्यापासून चित्र भरू लागते. ‘गणपतीपर्यंत चित्र उठवून देतो’ असे सांगून उशिरा लावलेल्या खाचराला युरियाचा धक्का देण्याचा सल्ला मिळेल. तो मुळीच मानू नये. उशीर झाला असेल तर त्या वर्षी चित्र सोडून द्यावे आणि भात घ्यावा. सर्व रंगांची रोपे एकाच दिवशी पेरलेली असावीत, आणि जांभळ्याचा वाफा दाट किंवा सावलीत नसावा, कारण प्रकाश कमी पडला तर रंग फिका राहतो.

मांडणीत मात्र मेहनत घ्यावी, खरे काम तेथे आहे. इनाकादातेच्या लोकांनी 2003 साली मोनालिसा लावली तेव्हा गावातील पाहणीच्या मनोऱ्यावरून ती खालच्या भागात फुगलेली दिसली, कारण सपाट कागदावरचे चित्र जसेच्या तसे जमिनीवर उतरवले होते. उंचावरून तिरकस पाहताना लांबचा भाग आक्रसतो. म्हणून पुढच्या वर्षांत त्यांनी पाहणाऱ्याची जागा आधी ठरवून, लांबचा भाग त्या प्रमाणात ताणून आराखडा काढण्यास सुरुवात केली. संगणकावर बिंदू ठरतात, मोजणी करून हजारो खुंट्या ठोकल्या जातात, खुंट्यांना फिती बांधून रंगांच्या सीमा आखल्या जातात, आणि मग हजाराहून अधिक लोक उतरून हाताने लावणी करतात. त्यांचे सुमारे दीड हेक्टरचे खाचर पाहून आपण एकदम एकरभर चित्र काढू नये. पाच गुंठे पुरेत. जवळ टेकडी, घाटरस्त्याचे वळण किंवा उंच बांध असेल तेच खाचर निवडावे. पाहायला उंची नसेल तर चित्र काढूच नये.

माझा आग्रह असा, की चित्र करायचे असो वा नसो, लावणी चारसूत्री पद्धतीने (भात लागवडीची चार सूत्रांची शिफारस) आणि दोरीवरच करावी. 15 आणि 25 सेंटीमीटरवर आलटून-पालटून खुणा असलेली दोरी ताणली की प्रत्येक चुडाची (एका जागी लावलेल्या रोपांची) जागा आपोआप ठरते, आराखड्यातील चौकट सरळ खाचरात उतरते, आणि 25 सेंटीमीटरच्या मोकळ्या ओळीतून रोपे न तुडवता बेणणी व भेसळ काढता येते. चिखलणीपूर्वी आठवडाभर गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला 30 किलो गाडावा. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचावी. हेक्टरी सुमारे 170 किलो ब्रिकेट लागतात. एवढे नत्र पुरते. वरून पुन्हा युरिया फेकू नये, मग कोणीही काहीही सांगो. मीटरभरापेक्षा बारीक रेघ आराखड्यात ठेवू नये, ती लांबून दिसत नाही. चुकीच्या रंगाचा चूड आढळला तर राखीव रोपांतून आठ-दहा दिवसांत बदलावा.

बियाण्याच्या बाबतीत ‘जपानी रंगीत बियाणे’ म्हणून पुडीत विकले जाणारे काहीही घेऊ नये. परदेशी बियाण्याला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ती कागदपत्रे नसलेली पुडी म्हणजे नव्या रोगाला दिलेले निमंत्रण आहे. आपल्या देशात जांभळ्या पानांचे भात आहेत. छत्तीसगडमध्ये रानटी भात सहज ओळखून उपटता यावा म्हणून असे वाण वापरले जाते. डोणजे येथेही काळसर पानांच्या भातावरच भर होता. हिरवा आणि काळसर या दोनच रंगांत उत्तम चित्र होते. घेतलेले बियाणे पेरणीपूर्वी मूठभर उगवून पाहावे.

अनुदानाविषयी थोडक्यात: खाचर पर्यटनाला जोडायचे असल्यास राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, चित्राच्या नावावर अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. शेतात जाहिरात लावण्याचा प्रस्ताव आला तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. इनाकादातेत 2008 साली एका विमान कंपनीचे बोधचिन्ह भातातून लावले गेले आणि जमीनमालकाच्या विरोधामुळे ती रोपे उपटावी लागली.

कापणी करताना रंगीत पट्टे प्रथम कापावेत, त्यांची झोडणी वेगळ्या खळ्यावर करावी आणि दोन रंगांच्या सीमेवरील तीन मीटरच्या पट्ट्यातील भात बियाण्यासाठी ठेवू नये. गळलेले दाणे पुढील पावसात उगवतात, म्हणून पुढच्या हंगामात चिखलणीपूर्वी पाणी देऊन ती रोपे उगवू द्यावीत आणि नंतर गाडावीत; लावणीनंतर दिसणारा प्रत्येक जांभळा चूड निसवण्यापूर्वी, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, मुळासकट उपटावा, आणि त्या खाचरातील भात निदान एक वर्ष बियाण्यासाठी कोणालाही देऊ नये.