उड्या नकोत, कायदा उचल

चि. लेखिकाबाईंस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी सिनेमाची संहिता वाचली. पान 14 वर तुझा खवीस उंबऱ्याशी अडतो. पान 22 वर तोच खवीस भिंतीतून आरपार येतो. 31 वर त्याच्या डोळ्यांतून जाळ निघतो. आणि वर मला विचारतेस, ‘काका, विनोदामुळे भीती पातळ होतेय का? विनोद काढून टाकू?’ अगं, भीती पातळ झालेली नाही, तुझ्या भुताला कायदाच नाही. ज्याला काहीही करता येतं, त्याला कोण घाबरणार? त्याच्यावर हसणार तरी कोण?

तीन माणसांनी तुझं डोकं फिरवलंय. निर्माता म्हणतो, ‘भुताच्या पॉवर वाढवा.’ मैत्रीण म्हणते, लोक हसले की भीती मेली. आणि फाइट मास्टर म्हणतो, ‘मॅडम, भुताशी हाणामारी कशी बसवू? हात आरपार जाणार.’ या तिघांत शहाणा एकटा फाइट मास्टर. नेमकं त्याच्याकडे तू दुर्लक्ष केलंस.

‘मिस्टर व्हॅम्पायर’ पाहून तू वेडी झालीस हे फार बरं झालं. 1985चा हाँगकाँगचा सिनेमा, दिग्दर्शक रिकी लाउ, निर्माता सॅमो हंग. माणूस या सिनेमाने वेडा होत नसेल तर त्याने भुताखेतांच्या वाटेला जाऊच नये. पण तू त्यातून उचललंस काय? उड्या! दोन्ही हात पुढे ताठ आणि टुणटुण उड्या. कोल्हापूरचा खवीस आणि तो चिनी राजवटीतल्या अंमलदारासारखा टुणटुणतोय. का म्हणून?

त्यांच्या उडीला मुलूख आहे. माणूस आपल्या गावच्या मातीत गेला पाहिजे, नाहीतर त्याला शांती नाही, अशी तिथली श्रद्धा. परमुलखात मेलेल्यांना मंत्राच्या जोरावर रातोरात चालवत गावी नेणाऱ्यांच्या कथा हुनान प्रांताच्या पश्चिम भागात सांगतात. त्याचा एक उलगडा असाही देतात की दोन माणसं पुढे-मागे लांब बांबू खांद्यावर घेत आणि प्रेतं त्याला उभी बांधत. बांबू चालीबरोबर लवायचा, आणि अंधारात लांबून बघणाऱ्याला प्रेतं उड्या मारत निघाल्यासारखी दिसायची. अंगावरचे ते गोल टोपीचे पोशाख छिंग राजवटीतल्या अंमलदारांचे. ज्यांगशीच्या, म्हणजे तिथल्या उड्या मारणाऱ्या मुडद्याच्या, एका उडीत गरिबी, परमुलूख, दफन आणि जुनं राज्य एवढं सगळं आहे. तुझ्या खविसाच्या उडीत फक्त तुझा लॅपटॉप आहे.

उडी तिकडची आहे, तिकडेच राहू दे. उचलायचा तो कायदा.

आता तो सिनेमा कागद-पेन घेऊन परत बघ आणि नियम उतरवून काढ. ज्यांगशीला माणूस दिसत नाही, त्याला श्वास लागतो. श्वास रोखलास तर तो नाकासमोरून निघून जाईल. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थिजतो, कागद उडाला की सुटतो. चिकट तांदूळ त्याचं विष उतरवतो. कोंबडीचं रक्त मिसळलेल्या शाईची सुताराची दोरी ताणून शवपेटीवर आखली की ती रेघ त्याला ओलांडता येत नाही. एवढंच! शेंबड्या पोराला पाठ होईल इतकं.

आणि मग काय होतं बघ. सिनेमातले तांत्रिक गाउ गुरुजी दोन्ही शिष्यांना सांगतात, पेटीला सगळीकडून शाईच्या रेघा मारा. पोरं मारतात. वरून मारतात, चारही बाजूंनी मारतात, सळासळा दोरी ताणून सोडतात. पेटीच्या बुडाला मारायची विसरतात. कॅमेरा खाली जातो, ते कोरं लाकूड दिसतं आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. अजून भूत हललेलंसुद्धा नाही! हा खड्डा कुठून आला? नियम आपल्याला आधी सांगितला होता म्हणून आला. तुझ्या पान 22 वर भिंतीतून हात येतो तेव्हा मला काही झालं नाही, कारण भिंत अडवते की नाही हे तू मला कधी सांगितलंच नव्हतंस.

दुसरं बघ. जखमी शिष्यासाठी चिकट तांदूळ आणायला दुसरा जातो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळतो. पैसे वाचवायला. पुढचा सगळा घोळ त्या भेसळीने वाढतो. सॅमो हंगच्या 1980च्या ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’मध्येही हीच गंमत: प्रेत पेटीतून उठू लागलं की कोंबडीची अंडी फेकायची, आणि विकणाऱ्याने त्यात बदकाची मिसळलेली. रात्री एकटा सॅमो हंग घामाघूम, एकेक अंडं फेकतोय, प्रेत बसतंय, उठतंय, बसतंय. कोंबडीचं अंडं लागलं की गप्प. बदकाचं लागलं की काहीच नाही. थिएटर हसतही असतं आणि खुर्चीचे हातही धरून बसलेलं असतं. आता सांग तुझ्या मैत्रिणीला, या सीनमधून विनोद काढून दाखव म्हणावं. काढताच येणार नाही, कारण तिथे भीती आणि हसू एकाच नियमातून निघालंय. नियम पाळला जाईल का, ही भीती. माणसाने तो कसा मोडला, हा विनोद.

श्वास रोखण्याचे सीन मला सगळ्यांत आवडतात. आपल्याकडे कबड्डी पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. दम टिकला तर जगलास, सुटला तर मेलास. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, समोर वीतभर अंतरावर तो हिरवट चेहरा, आणि बघणारा आपणही नकळत दम धरून बसतो. एका पैशाचं स्पेशल इफेक्ट नाही. फक्त नियम.

फाइट मास्टरचं म्हणणं शहाणपणाचं का, ते आता सांगतो. ‘मिस्टर व्हॅम्पायर’मधला मुख्य मुडदा कोणी केलाय माहीत आहे? युएन वाने. ‘एन्टर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या कोलांट्या ज्याने मारल्या तो. चिनी ऑपेराच्या कडक शाळेत लहानपणापासून घडलेला, हवेत काहीही करू शकणारा माणूस. आणि त्याला सांगितलं काय? गुडघे वाकवायचे नाहीत, कोपर वाकवायचं नाही. ज्याच्या अंगात सगळं आहे त्याचं सगळं काढून घेतलं, आणि म्हणून ती मारामारी अशी झाली की चाळीस वर्षं लोक बघतायत. ताठ शरीर एका दमात उभं राहतं, ताठच्या ताठ आडवं होतं. समोरच्या चिन सिउ-होला, म्हणजे शिष्य झालेल्या नटाला, लाथ मारायची तर कुठे मारणार? वाकतच नाही काही! त्याला प्रत्येक वेळी नवी युक्ती काढावी लागते. ‘पॉवर वाढवा’ म्हणणाऱ्या तुझ्या निर्मात्याला हे कळायचं नाही. पॉवर काढून घ्यायच्या असतात.

आणि गाउ गुरुजी झालेला लाम चिंग-यिंग. त्याच्याविषयी लिहायला बसलो तर पत्र संपायचं नाही, म्हणून थोडक्यात. तोही ऑपेराच्या शाळेतला, तिथे स्त्रीभूमिका केलेला, ब्रूस लीच्या सिनेमांत अ‍ॅक्शनचा सहायक. वर्षानुवर्षं पडद्यामागे. 1981च्या ‘द प्रॉडिगल सन’मध्ये दम्याने खोकणारा, स्त्रीपार्टी, विंग चुन या कुंग फूच्या प्रकारातला उस्ताद त्याने असा केला की डोळ्यांत पाणी यावं. मग गाउ गुरुजी आले, जोडलेल्या भुवया, पिवळा झगा, आणि जन्मभराचा शिक्का बसला. भोवती सगळा धिंगाणा चालू असतो आणि हा माणूस एकदाही हसत नाही. प्रेक्षकाला डोळा मारत नाही. कायदा पाळणारा एकजण पडद्यावर लागतो, आणि त्याला कायद्यावर पुरती श्रद्धा लागते. तुझ्या संहितेत तो भगत तिसऱ्याच वाक्याला जोक मारतो. ते वाक्य काढ. आत्ताच्या आत्ता काढ, मग पुढे वाच.

1997 साली यकृताच्या कॅन्सरने गेला लाम. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

या सगळ्याआधी एक इंग्रज प्रयोगही झाला होता. 1974 साली लंडनच्या हॅमर या भयपटवाल्या कंपनीने हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सशी हातमिळवणी करून ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ काढला. हॅमरच्या भयपटांतला नट पीटर कुशिंग आणि कुंग फू, दोन्ही एका सिनेमात. बरेच लोक त्याला डोक्यावर घेतात, मला तो पटत नाही. तिथली भुतं हत्यारांनी मरतात, मग ती भुतं कशाला, गुंड चालले असते. उलट 1989चा ‘व्हॅम्पायर व्हर्सेस व्हॅम्पायर’ बघ, लामने स्वतः दिग्दर्शित केलेला. त्यात चिनी गुरुजींसमोर युरोपातला रक्तपिपासू येतो आणि गुरुजींचे मंत्रकागद त्याच्यावर चालतच नाहीत! दोन कायदे समोरासमोर. गुरुजींचा गोंधळलेला चेहरा हीच गोष्ट.

तू ‘रिगर मॉर्टिस’चा दाखला दिलास, की 2013 साली जुनो माकने विनोद पार काढून टाकला तरी सिनेमा जमला. जमला, मान्य. काळाकुट्ट, जड सिनेमा आहे. पण तिथेही जुना तांत्रिक काय करतो? ज्यांगशी उरले नाहीत म्हणून चिकट भाताचं खाणं विकत बसलाय. कायदा तोच, फक्त बेकार झालेला. माकने विनोद काढला, नियमाला हात लावला नाही. आणि सिनेमा वाहिला कोणाला, तर लाम चिंग-यिंग आणि ‘मिस्टर व्हॅम्पायर’मधला दुसरा शिष्य रिकी हुइ यांना. लोकांना हसवणाऱ्यांना! तू शेवटची पाटी न बघता उठलीस, दुसरं काय.

तुला वाटेल काका नुसते बडबडतात. या हट्टाची किंमत मी मोजलेली आहे. एका वाहिनीसाठी मी हडळीची मालिका लिहीत होतो. हडळ दिवेलागणीनंतरच येते आणि पाठमोरी चालते, एवढे दोनच नियम मी पहिल्या भागात घातले होते. भाग रंगत होता. मग वरून निरोप आला की रात्रीचं शूटिंग महाग पडतं, हडळ दुपारी येऊ द्या. मी म्हटलं, येणार नाही. ते म्हणाले, प्रेक्षकाला एवढं कळत नाही. मी म्हटलं, प्रेक्षकाला तेवढंच कळतं. संवाद तिथे संपला आणि माझं कामही. पुढे हडळ दुपारी आली, लग्नात आली, मंगळागौरीलाही आली, आणि मालिका दणकून चालली. ते तू मला सांगू नकोस, मला ठाऊक आहे. घरातही ऐकवून झालंय. घराचे हप्ते होते, मुलगी बारावीला होती, थोडं नमतं घेतलं असतं तर बिघडलं असतं का? पण सांग मला, त्या मालिकेतला एक सीन कोणाला आठवतो? एक? माझे पहिले भाग आठवणारी माणसं मला अजून लग्नकार्यात भेटतात. दोन-तीनच भेटतात, पण भेटतात.

असो. तुझ्या खविसाकडे वळतो, कारण तुझ्या हातात सोनं आहे आणि तू त्यावर डोळ्यांतल्या जाळाचा मुलामा देतेयस. आपल्या भुतांना कायदे नाहीत असं वाटलं का तुला? मुंजा पिंपळ सोडत नाही. हडळीचे पाय उलटे. गिऱ्ह्याचा केस हाती लागला तर तो चाकरासारखा राबतो आणि केस परत मिळाला की उलटतो. आणि खवीस? माझ्या आजोळी सांगायचे, खवीस एकट्या वाटसरूला गाठतो आणि कुस्तीला बोलावतो. कुस्तीला! फाइट मास्टरला सांग, हात आरपार जात नाही. भूतच म्हणतंय, हात मिळव.

आता तुझी नायिका बघ. मर्दानी खेळातली पोर, दांडपट्ट्यात पटाईत. पहिल्या दहा पानांत तू तिचा पट्टा असा फिरवलास की वाचताना मी मान मागे घेतली, तेवढं फार झकास जमलंय. पण खविसासमोर पट्टा चालत नाही, हत्यार दिसलं की तो अदृश्य होतो, असं ठरव. मग तिला पट्टा खाली ठेवावा लागेल आणि जे तिला येत नाही ते करावं लागेल. घरात कुस्ती कोणाला येते? त्या आजोबांना, ज्यांना तू सध्या फक्त खाटेवर खोकायला ठेवलंयस. त्यांना उठव. अंगणात, कंदिलाच्या उजेडात, भूत चीतपट कसं करायचं हे सत्तरीचा म्हातारा नातीला शिकवतोय, आणि शिकवताना एक डाव सांगायचा विसरतो. बघ, मला लिहिता लिहिता हसू आलं आणि धाकधूकही वाटली.

पण खविसाच्या पाठीला माती लागली तर पुढे काय, हे तू ठरव. ते मी सांगणार नाही. तो राबायला लागतो, की निघून जातो, की पुढच्या अमावास्येला परत येतो? काहीही ठरव, फक्त पान 10च्या आत कोणाच्या तरी तोंडून सांग आणि शेवटपर्यंत मोडू नकोस. एडिटमध्ये मोडायचा मोह होईल, तेव्हाही नाही. निर्मात्याचा मेव्हणा सेटवर येऊन ‘आग टाका ना थोडी’ म्हणेल, तेव्हाही नाही.

नवा मसुदा पाठवण्याआधी एका कागदावर फक्त नियम लिहून पाठव. पाचापेक्षा जास्त झाले तर मी उघडणार नाही. आणि निर्मात्याने परत पॉवरचा विषय काढलाच, तर बेधडक माझं नाव सांग. त्या मंडळींत माझं बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझा,
काका