लूना ही खरंच इटलीच्या ‘चाओ’ची नक्कल होती का? आणि चाओत एवढं काय होतं?

नक्कल म्हणू नका. किनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली लूना आणली ती पियाज्जो कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन, चाओ या मोपेडवर बेतून. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावंसं वाटतं. आमच्या घरी बाबांची लूना होती आणि तिचा प्लग साफ करतच मी इंजिन म्हणजे काय ते शिकलो.

चाओ 1967 साली आली. पिसाजवळच्या पोन्तेदेरा गावात पियाज्जोचा कारखाना आहे, व्हेस्पाही तिथलीच. इटलीत तोवर छोट्या फियाट गाड्या मध्यमवर्गाला परवडू लागल्या होत्या आणि मोठी माणसं स्कूटरवरून मोटारीत बसू लागली होती. उरली तरुण पोरं. तिथे 14 वर्षं पूर्ण झाली की 50 सीसीपर्यंतची मोपेड परवान्याशिवाय चालवता यायची. चाओ त्यांच्या हाती पडली. नावही तसंच सुटसुटीत: इटालियन माणूस भेटताना ‘चाओ’ म्हणतो आणि निघतानाही.

तिचं खरं कौतुक आहे ते काय काय काढून टाकलं त्यात. पेट्रोलची वेगळी टाकी नाही. सांगाड्याचा जाड पत्र्याचा दांडाच आतून पोकळ आणि त्यातच पेट्रोल. गिअर नाही, क्लचची मूठ नाही. मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बरसुद्धा नाही, हादरे सोसायचे ते सीटच्या स्प्रिंगने. वजन जेमतेम 40 किलो. 49 सीसीचा टू-स्ट्रोक सिलिंडर आडवा झोपवून पेडलच्या खाली असा बसवलाय, की लांबून पाहणाऱ्याला ती जाडसर सायकलच वाटावी.

इंजिनाची एक गोष्ट मला फार आवडते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खालीवर होताना पेट्रोल-हवेचं भोक उघडतो आणि मिटतो. चाओत हे काम क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, चकती करते: ती फिरता फिरता क्रँककेसमधलं (हा दांडा ज्या पेटीत फिरतो तिच्यातलं) भोक नेमक्या वेळी उघडते आणि नेमक्या वेळी बंद करते. जास्तीचा एकही भाग न लावता मिश्रण आत येण्याची वेळ हवी तशी ठरवता येते. लहान इंजिनाला कमी फेऱ्यांवर ओढ मिळते ती यामुळे. व्हेस्पातही हीच युक्ती होती.

इंजिनाची ताकद रबरी पट्ट्याने मागे जाते. काही मॉडेलांत व्हेरिएटर असायचा: वेग वाढला की पुलीतली वजनं बाहेर सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडी आपोआप ‘वरच्या गिअर’मध्ये जाते. आज आपल्या ॲक्टिव्हात चालतं ते हेच तत्त्व.

घराणंही वाढलं: 1970 ला बॉक्सर, 1973 ला ब्राव्हो, 1979 ला ‘सी’. या ‘सी’ला मागेही सस्पेन्शन मिळालं. विकत घ्यायची असेल तर पाठीच्या दृष्टीने सी बरी. पण चाओचा साधेपणा तिच्यात नाही, असं माझं मत. स्वतः चाओ 2006 पर्यंत बनत राहिली. 30 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. धुराचे नियम कडक होत गेल्यावर टू-स्ट्रोकला जागाच उरली नाही.

कामानिमित्त इटलीत गेलो होतो तेव्हा पोन्तेदेरातलं पियाज्जोचं संग्रहालय मुद्दाम पाहिलं. तिथे व्हेस्पाभोवती सगळ्यांची गर्दी, मी मात्र चाओपाशी. नंतर ज्यांच्या घरी राहत होतो त्या आजोबांनी गोठ्याशेजारच्या खोलीतून आपली जुनी चाओ बाहेर काढली. मागच्या चाकाच्या तुंब्यावर एक बटण असतं. ते फिरवलं की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडीची नुसती सायकल होते. त्यांनी ते फिरवलं आणि मला बसा म्हणाले. टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हतं, तरी द्राक्षमळ्यापर्यंत पेडल मारत गेलो. पायांना ओळखीचं वाटत होतं. पेट्रोल संपलेली लूना बाबांच्या मागे मागे घरी आणताना अगदी असेच पाय चालवले होते.